मॉडेल रेल्वेचा एचओ लेआउट, दोन किलो गिट्टी आणि जाम झालेले पॉइंट: आमच्याकडून उत्तर

नमस्कार सर,

तुमच्या घरी आम्ही बसवलेल्या मॉडेल रेल्वेच्या लेआउटबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. दहा दिवस सांगून एकोणीस दिवस लागले, आणि मधले दोन दिवस आमच्याकडून तुमचा फोन उचलला गेला नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, माफ करा. चौदा मीटर रूळ आणि पाच पॉइंट (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे सांधे) म्हटल्यावर मीटरमागे तास आणि पॉइंटमागे दीड तास नुसता गिट्टी बसवायलाच जातो, वाळायचा वेळ वेगळा. ते काम घेतानाच सांगायला हवं होतं.

पण "दोन किलो गिट्टीचे 1,400 रुपये, एवढ्यात पाचगावहून ट्रॉली येते" आणि "गोंद ओतून पॉइंट जाम करून गेले" हे जे लिहिलंय, त्यावर गप्प बसता येत नाही. दिवाळीच्या ऑर्डरी विचारणारे लोक आधी हेच वाचतात, आणि आमचं दुकान याच कामावर चालतं.

गिट्टी पाचगावच्या दगड फोडणाऱ्या क्रशरवरचीच आहे, सर. लपवलेलं नाही, बिलावर "क्रशर चुरी, चाळलेली" असंच लिहिलंय. खऱ्या रुळाखालच्या गिट्टीचा मोठ्यातला मोठा दगड 65 मिलिमीटरचा धरतात. एचओ म्हणजे 87 पट लहान. 65 भागिले 87, आले पाऊण मिलिमीटर. या मापाचा दगड क्रशरवर कोणी काढून ठेवत नाही. मिळते ती चुरी, आणि तिच्यात पिठासारख्या भुकटीपासून ज्वारीच्या दाण्याएवढ्या खड्यापर्यंत सगळं असतं. वरची चाळणी एक मिलिमीटरची, खालची अर्ध्याची. दोन्हींच्या मध्ये जे राहतं तेवढंच कामाचं. भुकटी राहू दिली तर गोंदाचा पहिला थेंब पडताच चिखल होतो आणि वाळल्यावर रुळांच्या मध्ये सिमेंट लिंपल्यासारखं दिसतं. मग बादलीत धुणं, पाणी नितळ येईपर्यंत, म्हणजे चार-पाच पाण्यांनी. मग उन्हात वाळवणं.

आणि मग लोहचुंबक. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आपला काळा दगड म्हणजे बेसाल्ट, त्यात मॅग्नेटाइटचे कण असतात. परातीत चुरी पसरून, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं चुंबक वरून फिरवलं की पिशवीला काळी मिशी फुटते. ती काढली नाही तर इंजिनाच्या मोटरमधलं चुंबक हेच कण रुळावरून उचलतं, ते गिअरमध्ये जातात, आणि चार-पाच हजारांचं इंजिन करकरायला लागतं. तुमच्या दोन किलोसाठी नऊ किलो चुरी चाळली. किलोला 700 रुपये हे दगडाचे नाहीत. ट्रॉली तुमच्या दारात उतरवून देतो म्हटलं असतं, तरी तिच्यावर गाडी चालली नसती.

रुळांच्या जोडात "फटी ठेवल्या" असंही तुम्ही लिहिलंय. त्या ठेवायच्याच असतात. उन्हाळ्यात दुपारी तुमची वरची खोली 43 अंशांवर जाते, कूलर लावला की 28 वर येते. निकल सिल्व्हरचा एक मीटर रूळ एवढ्या फरकाने पाव मिलिमीटर हलतो, आणि खालचं लाकूड दमट हवेने त्याहून जास्त. अर्ध्या मिलिमीटरची फट नसेल तर पुढच्या मे महिन्यात रूळ वाकून वर येईल. कृपया त्यात काही भरू नका.



आता पॉइंट. खरं सांगायचं तर याच वाक्याने जास्त लागलं, कारण आम्ही सगळ्यात जास्त जपतो ते हेच.

साध्या रुळावर गिट्टी कोरडी पसरतो, मऊ ब्रशने रुळाखालच्या स्लीपरवरचे दाणे खाली लोटतो, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा फवारा मारतो म्हणजे गोंद आत शोषला जातो, आणि मग एक भाग फेविकॉल, दोन भाग पाणी, भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, असं ड्रॉपरने सोडतो. पॉइंटवर ही पद्धत वापरत नाही. जिभा, म्हणजे पॉइंटचे हलणारे टोकदार रूळ, हलवणारी जी आडवी पट्टी असते, तिच्या खाली गिट्टी टाकतच नाही. तिथला रुळाखालचा कॉर्क गडद करड्या रंगाने रंगवतो, लांबून गिट्टीच वाटते. जिभा मध्यावर ठेवतो, म्हणजे कोणत्याही बाजूला चिकटू नयेत. पट्टीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटीमीटर फवारा नाही, ड्रॉपर नाही. पुढे सिरिंजने दोन-दोन स्लीपरच्या मध्ये एकेक थेंब. अर्ध्या तासाने पॉइंट इकडून तिकडे करून बघायचा, नंतर दर दोन तासांनी. म्हणून दीड तास, आणि म्हणूनच पाच पॉइंटचे एका दिवसात दोनच होतात.

शनिवारी संध्याकाळी ताबा देताना पाचही पॉइंट तुमच्यासमोर वीस-वीस वेळा फिरवून दाखवले, त्यावरून हाताने मालगाडीची वाघीण ढकलली. व्हिडिओ तुम्हीच काढलाय, सर. त्यात माझा आवाजही आहे: "दोन दिवस गाडी नाही, कूलर नाही, नुसता पंखा." म्हणजे मी तर तेव्हाच सांगून राहिलो होतो.

मृगाच्या सरी आल्यावर कूलर थंड कमी आणि ओलं जास्त फेकतो. फेविकॉल अर्धवट वाळलेला असताना ओली हवा लागली की तो पुन्हा पांढरा पडतो. फोटोत गिट्टीवर जो पांढरट पापुद्रा दिसतो तो हाच. दोन दिवस कोरडी हवा मिळाली की बहुतेक जाईल. इंजिन दर फेरीला दोन ठिकाणी थांबतं म्हणालात, त्याचंही मूळ इथेच असेल: ओल्यावर गाडी फिरली, गोंदाचा थर चाकांनी रुळावर पसरवला, आणि तिथे करंट पोचत नाही. पांढऱ्या सुती कापडावर अल्कोहोल घेऊन रुळाचा माथा आणि आतली कड पुसा. पॉलिश पेपर मारू नका. त्याचे ओरखडे पडले की त्यातच मळ धरतो आणि दर आठवड्याला तेच काम होऊन बसतं.

तुम्ही सोमवारी पाठवलेला तीन नंबर पॉइंटचा फोटो मोठा करून बघितला. तिथे वर चमकदार साय आहे. पातळ केलेला गोंद वाळला की दाण्यांच्या आत बसतो, वरून जवळपास दिसत नाही. अशी साय घट्ट, पाणी न घातलेल्या गोंदाची येते. आणि आडव्या पट्टीच्या खाली, जिथे आम्ही काही टाकतच नाही, तिथे दाणे आहेत. आमची गिट्टी काळी आणि कोनेदार. हे दाणे पिवळसर, गोल, मध्ये अभ्रकाची चमक असलेले. कन्हान नदीच्या वाळूसारखे. ती आमच्या कामात कुठेच वापरलेली नाही. कोणी टाकली हे मी विचारत नाही. घरात मुलं असतात, भाचे येतात, एखादी जागा रिकामी दिसली तर कोणालाही भरावीशी वाटते. पण तिथे ती रिकामी जागा चुकून राहिली नव्हती.

पाच नंबरवर फ्रॉगजवळ, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथे, दोन-तीन काळे दाणे स्लीपरच्या वर राहिलेत, चाकाची कड त्यावर चढते. ते आमचेच. टूथपिकने निघतील, येऊन काढून देतो, त्याचे पैसे नाहीत. ताबा देताना सूचनांचा कागद द्यायचं चाललंच आहे, छापून घेतो. फोनचंही बघतो.

रविवारी अकरानंतर येऊ शकतो. तोवर तीन नंबरच्या पॉइंटला लिव्हरने जोर लावू नका, जिभेची खुंटी तुटली तर दुरुस्ती नाही. तेलही टाकू नका. साय आली आहे तिथे कोमट पाण्यात लिक्विड घालून पाच-सहा थेंब सोडा, वीस मिनिटं थांबा, मऊ पडलं तर टोकदार काडीने दाणे उचला. आणि एक काम करा, घरात फेविकॉलचा जो डबा आहे त्यावर काय लिहिलंय ते मेसेज करा. साधा असेल तर पाण्याने सुटेल. मरीन असेल तर तो पाण्याला दाद देत नाही, पॉइंट नवाच बसवावा लागेल. तसं झालं तर पॉइंटची किंमत तेवढी तुम्ही द्या, बसवण्याची मजुरी आम्ही घेणार नाही.