हाई पानी कथा जास? (आमच्या अहिराणीत, म्हणजे हे पाणी कुठे जातं?)

पोस्ट मोठी आहे, टाइम असेल तर वाचा. गोव्याबद्दल आहे. गोव्याच्या मित्रांनो, आधीच सांगतो, ह्या शिव्या तुम्हाला नाहीत, बऱ्याचशा माझ्यासारख्यांना आहेत जे एक सुटकेस घेऊन येतात आणि बाकी सगळं तुमच्या अंगणात सोडून जातात.

तर झालं असं की जानेवारीत आम्ही घरचे अकरा जण गेलो होतो. आता जळगावहून विमान आहे गोव्याला, मोपा विमानतळावर उतरवतं, त्यामुळे भुसावळहून रेल्वे, रात्रभर प्रवास, मग स्टेशनवर टॅक्सीवाल्याशी घासाघीस हा सगळा कार्यक्रम वाचला. ट्रिपचं मेन कारण म्हणजे माझी फुई, म्हणजे आत्या. अमळनेरची, वय ७४, आणि बाईने जन्मात समुद्र बघितलेला नाही. खान्देशातल्या माणसाचं मोठं पाणी म्हणजे हतनूर नाहीतर गिरणा धरण, फार तर फार मेहरूणचा तलाव, त्यापुढे आपली मजल नाही. फुईने दोन पिशव्या बिबड्या आणि डबाभर ठेचा सोबत घेतला, म्हणे तिकडचे लोक मासे खातात, मग मी काय खाऊ.

पहिल्या संध्याकाळी तिला समुद्र दाखवला. पाच मिनिटं हात जोडून उभी राहिली, काही बोलली नाही, मग म्हणाली चला. आम्हाला वाटलं आवडला नाही की काय. पण रात्री फोनवर मुलीला सांगत होती की दुसरा काठच दिसत नाही, आणि एकच गोष्ट तीन वेळा सांगत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी, फुई आणि पोरं चालत निघालो. बीचचं नाव घेत नाही, उत्तर गोव्यातला फेमस आहे एवढं पुरे. अर्धा किलोमीटर गेलो असू, फुईने लुगडं थोडं वर धरलेलं, पायाला लाट लागली की लहान पोरीसारखी हसायची, आणि मधेच थांबली, पदर नाकाला लावला आणि म्हणाली, "आठे लेंडी नालाना वास यी राह्यना रे भो."

आम्ही हसलो. जळगावकरांना लेंडी नाला सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी, तो आमच्या शहरातला सांडपाण्याचा नाला. म्हटलं फुई, तू गोव्यात आली तरी तुझं नाक जळगावातच आहे.

पण दहा पावलं पुढे गेलो तर खरंच. दोन शॅकच्या मधून वाळू कापत एक ओहोळ समुद्राला येत होता, रुंदी आपल्या गल्लीएवढी, पाणी राखाडी काळं, कडेला साबणाचा फेस साचलेला. मी चपलेच्या टोकाने तिथली वाळू उकरली, वरती एक बोटभर पांढरी आणि खाली डांबरासारखी काळी, आणि सडक्या अंड्याचा वास. हे कशाने होतं माहितीये का, मैल्यातलं जे सडणारं असतं ते खाता खाता जंतू पाण्यातला ऑक्सिजन संपवून टाकतात, मग बिनऑक्सिजनचे जंतू कामाला लागतात आणि तो वास आणि तो काळा रंग त्यांची करणी. म्हणजे एखाद्या दिवशी कोणी बादली ओतली म्हणून वाळू अशी काळी होत नाही, रोज येत असेल तेव्हाच होते.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्या ओहोळात सात-आठ पोरं बसून वाळूचं धरण बांधत होती. आमचा छोटा पण जाऊन बसला त्यांच्यात, ओंजळीने पाणी काढतोय आणि ओरडतोय बाबा बघा हतनूरचे दरवाजे उघडले!

त्याला ओढून काढला. आणि मग माझ्यातला धंदेवाला जागा झाला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मी पाईपवाला आहे. जळगाव म्हणजे केळी, सोनं आणि पाईप, त्यातल्या तिसऱ्यावर आमचं घर चालतं गेली २२ वर्षं. लोक नवीन घरात गेले की टाइल्स बघतात, मी बाथरूममागची डक्ट बघतो, बायको वैतागते. तर मी त्या ओहोळाच्या कडेकडेने आत गेलो, दोनशे पावलं असतील. एका हॉटेलची मागची कंपाउंड वॉल, खाली केवड्याचं झुडूप आणि झुडपातून बाहेर आलेलं तोंड. ११० एमएम, एसडब्ल्यूआर म्हणजे सांडपाण्याचा पाईप, राखाडी. असला पाईप मी रोज विकतो, झोपेत हात लावून साइज सांगेन. जॉइंटला सॉल्व्हंट व्यवस्थित लावलेलं, उतार बरोबर दिलेला, काम एकदम सफाईदार, फक्त जिथे चेंबर पाहिजे तिथे ओढा होता. मी घड्याळ बघितलं, सव्वाआठ. आंघोळीचा टाइम. पाणी जोरात येत होतं आणि त्यातून वाफ निघत होती, गिझरचं गरम पाणी, जानेवारीची सकाळ. शाम्पूचा वास पण आला मधेच, चांगला महागातला.

आता थोडा हिशोब सांगतो, कारण आम्ही लाइन टाकायच्या आधी हाच हिशोब करतो. साध्या हॉटेलला एका बेडमागे दिवसाला १८० लिटर पाणी धरतात, चार स्टार आणि वरच्याला ३२०. जेवढं पाणी आत जातं त्यातलं साधारण ८० टक्के घाण होऊन बाहेर पडतं. म्हणजे ४० रूमचं साधं हॉटेल, ८० बेड, रोजचे १४,४०० लिटर आत आणि साडेअकरा हजार लिटर बाहेर. ५,००० लिटरचे मैल्याचे टँकर धरले तर रोज दोन भरून वर उरतं. एका हॉटेलचं. आता तुम्ही डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्या पट्ट्यात किती हॉटेलं फुल असतात ते मनातल्या मनात मोजा आणि सांगा तुम्हाला रस्त्यावर किती टँकर दिसले. मला चार दिवसांत एक दिसला, तोही ट्रॅफिकमध्ये अडकलेला.

मग बाकीचं जातं कुठे? लोकांना वाटतं सेप्टिक टँक असला म्हणजे झालं. अरे बाबांनो, सेप्टिक टँक पाणी साफ करत नाही, तो फक्त गाळ खाली बसवतो, वरचं पाणी तसंच जंतूंसकट शोषखड्ड्यात जातं आणि ते गाळायचं काम जमिनीने करायचं असतं. आपल्याकडे काळी माती, पाणी मुरायलाच मागत नाही, त्याचा त्रास वेगळा. समुद्राकाठी उलटं आहे, वाळू म्हणजे चाळणी आणि चार-सहा फुटांवर भूजल. वरून टाकलं की खाली पोचलं, तिथून शेजारच्या विहिरीत, ओढ्यात आणि मग जिथे आमचा छोटा धरण बांधत होता तिथे. चार खोल्यांचं घर असेल तर वाळू सांभाळून घेते. त्याच प्लॉटवर साठ खोल्या चढवल्या तर ती बिचारी काय करेल.

भारतात समुद्राच्या पाण्यात पोहायचं असेल तर त्याचं स्टँडर्ड आहे, १०० मिली पाण्यात मैल्यातले कोलिफॉर्म जंतू १०० पर्यंत. १०० मिली म्हणजे आपला कटिंगचा एक ग्लास समजा. तुम्ही कधी कोणत्या बीचवर आजचा आकडा लिहिलेला बोर्ड बघितलाय का? लाल झेंडा, पिवळा झेंडा, दारू पिऊन पोहू नका, सगळे बोर्ड असतात, हा एक नसतो.

तिसऱ्या दिवशी छोट्याला जुलाब उलट्या, ताप. सलाईन लावावं लागलं. ते त्या पाण्याने झालं असं कोर्टात सिद्ध करायला मी जाणार नाही, बेट्याने आदल्या दिवशी पाणीपुरी पण हाणली होती. पण रात्री दोन वाजता पोराच्या हाताला सुई लावलेली बघत बसल्यावर डोळ्यासमोर पाणीपुरी येत नाही, तो पाईपच येतो.

२००२ साली आम्ही आठ जण मित्राच्या ट्रॅक्सने गेलो होतो, कन्नडचा घाट उतरताना ब्रेक गरम झालेले, ती वेगळी स्टोरी. तेव्हा पण गर्दी होती हां, उगाच जुनं ते सोनं म्हणणार नाही, तेव्हाही रस्त्यावर कचरा होताच. पण माडांच्या मधून बीचवर जायची वाट होती. आता त्या वाटेला दोन्हीकडून भिंती आहेत. आणि आकडे बघा ना, २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाख, आणि २०२४ ला एका वर्षात आलेले पर्यटक एक कोटीच्या वर. ते सगळे काही राज्यभर सारखे पसरत नाहीत, बागा, कळंगुट, कांदोळी, हणजूण ह्याच पट्ट्यात घुसतात. आपल्या घरी लग्नात दोनशे पाहुणे आले तर आपण दोन दिवसांसाठी फिरतं टॉयलेट मागवतो की नाही?

कायदा नाही असं पण नाही. १९९१ लाच सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीचा नियम आला, भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरचा पट्टा नियमात घेतला, ग्रामीण किनाऱ्यावर पहिल्या २०० मीटरमध्ये नवीन बांधकाम नाही. आणि त्यातच लिहिलेलं की प्रक्रिया न केलेलं सांडपाणी समुद्रात सोडायचं नाही, जे सोडतात त्यांनी जास्तीत जास्त तीन वर्षांत बंद करायचं. म्हणजे १९९४ ला हा विषय संपायला पाहिजे होता भो. मी तेव्हा कॉलेजात पण नव्हतो. उलट २०१९ च्या नवीन नियमात जिथे चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त लोक राहतात अशा गावांसाठी ते २०० मीटरचे ५० केले. म्हणजे जिथे आधीच दाटी झाली तिथे अजून जवळ बांधा. हे लॉजिक मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

फिलिपिन्समध्ये बोराकाय नावाचं बेट आहे, जेमतेम १० चौरस किलोमीटर, २०१७ ला तिथे २० लाख टुरिस्ट आले. पाईप थेट समुद्रात, सेम कहाणी. फेब्रुवारी २०१८ ला त्यांचे राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते जाहीर बोलले की हे बेट नाही, मैल्याचा खड्डा आहे, आणि २६ एप्रिलपासून सहा महिने अख्खं बेट टुरिस्टना बंद. हा माणूस काही मला आवडत नाही आणि रातोरात कुलूप लावलं की मरतो तो वेटर आणि होडीवाला, मालक नाही, तिथेही हजारो लोकांचा रोजगार गेला. पण नंतर उघडताना त्यांनी एक आकडा ठरवला, एका वेळी बेटावर १९,२१५ टुरिस्ट, बस. चुकीचा असेल बरोबर असेल, पण आकडा ठरवला तर खरा. आपल्याकडे आकडा वाढला की मंत्री पेढे वाटतात.

आता आपल्या लोकांचं. जळगाव, भुसावळ, रावेर, यावल साइडच्या माझ्या ओळखीतल्या निदान पाच-सहा जणांनी केळीच्या पैशात नाहीतर प्लॉटच्या पैशात गोव्यात फ्लॅट घेतलाय. वर्षातले दहा दिवस स्वतः राहतात, बाकी भाड्याने. मागच्या वर्षी माझ्याकडे पण एक एजंट आला होता, गुळगुळीत कागदाचं पुस्तक घेऊन, पूल, जिम, टेरेसवरून सूर्यास्त. मी विचारलं एसटीपी किती केएलडीचा आहे, म्हणजे दिवसाला किती हजार लिटरचा. तो म्हणे सर कोणता टीव्ही? मी म्हटलं मैला शुद्धीकरण, ड्रेनेज, ड्रेनेज कुठे जोडणार. म्हणे सर ते सगळं होऊन जाईल, तुम्ही व्ह्यू बघा ना. बरं हाच माणूस, म्हणजे मी, शेत घ्यायचं म्हटलं तर बोरला किती फुटावर पाणी, उतार कुणीकडे, बांध कोणाचा, सात पिढ्यांची चौकशी करतो. पोरगी द्यायची म्हटलं तर पोराच्या मामाच्या गावापर्यंत जातो. आणि रात्रीचे आठ हजार भरून हॉटेल बुक करताना विचारतो काय, तर ब्रेकफास्ट इन्क्लुडेड आहे का.

आणि ते बीच क्लीनअप. ग्लोव्हज घालून, टीशर्ट छापून, बाटल्या उचलतानाचे फोटो. उचला, चांगलंच आहे, माझा विरोध नाही. पण बाटली दिसते म्हणून तिचीच बदनामी होते, जमिनीखालून जे जातं त्याचा फोटो निघत नाही. पाईपचं तोंड केवड्यात लपवता येतं.

कोणी म्हणेल आधी स्वतःचं बघ. बघतो ना. आमच्या शहराचे नाले कुठे जातात, गिरणेला. गिरणा तापीला, तापी उकाई करत सुरतेच्या पुढे समुद्राला. म्हणजे फुईने समुद्र नव्हता बघितला पण आमचं सांडपाणी कधीचं जाऊन आलंय. फरक एवढाच की लेंडी नाल्यात धरण बांधायला आपण पोरांना पैसे भरून नेत नाही.

परत आल्यावर फुईला शेजारच्या बायकांनी विचारलं कसा होता समुद्र. म्हणाली मोठा शे. मग माझ्याकडे बघून, "त्या पाईपनं हाई पानी कथा जास म्हनी कोनी इचारत नही का रे?"

त्या दिवसापासून मी विचारतोय. मे महिन्यासाठी कोकणात सिंधुदुर्ग साइडला बघतोय, आत्तापर्यंत चार ठिकाणी फोन केला. रेट विचारायच्या आधी एकच प्रश्न, तुमचं सांडपाणी कुठे जातं. पहिल्याने फोन कट केला. दुसरा म्हणाला नगरपालिका बघते, आणि ते गाव ग्रामपंचायतीत आहे. तिसऱ्या एक काकू होत्या, म्हणाल्या तीनच खोल्या आहेत, न्हाणीचं पाणी माडांना आणि केळींना जातं, संडासाला वेगळी टाकी, दरवर्षी उपसतो, येऊन झाकण उघडून बघा. तिथे बुकिंग केलंय. केळीला जातं म्हटल्यावर आपला जीव लागलाच.

चौथ्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, साहेब तुम्ही इन्स्पेक्शनवाले आहात का. मी म्हटलं नाही हो, पाईपवाला आहे. दोन सेकंद थांबला आणि म्हणाला त्या तारखांना सगळं फुल आहे. मी तारीख सांगितलीच नव्हती.