घोडीच्या स्वॅबमध्ये यीस्ट निघालं म्हणून गर्भपिशवीत व्हिनेगर ओतू नका

"निरोगी घोडीत यीस्ट नसतंच. स्वॅबमध्ये निघालं म्हणजे पिशवी सडली, घोडी गाभण राहणार नाही, घोड्यालाही लागण होणार. उपाय: पिशवीत सात दिवस अँटिबायोटिक भरा, मग सरळ व्हिनेगर ओता." हा मेसेज कधीचा फिरतोय, मी लक्ष देत नव्हतो. पण आता मामांनीच तो पाठवून विचारलंय की व्हिनेगर किती घेऊ, मग गप्प कसं बसायचं?

पहिलं वाक्यच चूक. यीस्ट म्हणजे एक प्रकारची सूक्ष्म बुरशी. काहीही त्रास नसलेल्या, व्यवस्थित शिंगरं देणाऱ्या घोड्यांच्या निरणात (योनीच्या बाहेरच्या ओठांत) आणि योनीत कँडिडा, रोडोटोरुला, ट्रायकोस्पोरॉन अशी यीस्ट सापडतात. स्वॅब पिशवीपर्यंत जातो तो ह्याच वाटेने, साधा स्वॅब असला तर वाटेतलं यीस्ट चिकटतं आणि रिपोर्टमध्ये पिशवीच्या नावावर येतं. म्हणून तर दुहेरी आवरणाचा स्वॅब वापरतात, सोबत सायटॉलॉजी, म्हणजे पेशींची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी, करतात. मामांनाही तेच सांगितलं, आधी सायटॉलॉजी करा. न्यूट्रोफिल (सूज असली की येणाऱ्या पांढऱ्या पेशी) नाहीत, पिशवीत पाणी नाही, तर नुसतं कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून केलेली तपासणी) बघून औषध कशाला भरायचं?

सगळ्यात जास्त चीड येते ती अँटिबायोटिकची. अहो, अँटिबायोटिक बॅक्टेरिया मारतं, यीस्टला त्याचं काहीच होत नाही, उलट बॅक्टेरिया गेले की यीस्टला मोकळं रान मिळतं आणि पिशवीत पुन्हा पुन्हा अँटिबायोटिक भरलेल्या घोड्यांमध्येच बुरशीचा खरा आजार जास्त दिसतो. म्हणजे ज्या आजाराची भीती घालताय तोच ओढवून घ्यायची कृती लोकांना सांगताय!

व्हिनेगर पशुवैद्य वापरतात, एवढं मान्य. पण सलाईनमध्ये अगदी पातळ करून, पिशवी धुऊन ते पाणी परत बाहेर काढतात. तसंच्या तसं ओतलं तर आतलं अस्तर भाजतं, चिकटून बसू शकतं, आणि मग घोडी खरंच गाभण राहायची नाही.

घोड्याला लागण वगैरे बहुतेक सीईएम ह्या घोड्यांच्या लैंगिक आजाराशी घातलेला घोळ आहे. तो आजार घोडा लावताना पसरतो, पण तो टेलोरेला नावाच्या बॅक्टेरियाचा.

बुरशीने पिशवीला सूज येतच नाही असं नाही. येते, पण पिशवीच्या सुजेच्या एकूण केसेसमध्ये बुरशीचा वाटा साधारण 1 ते 5 टक्के धरतात. तेव्हाही यीस्ट आत गेलं कसं हे बघावं लागतं. कॅसलिक नावाच्या अमेरिकन पशुवैद्याने 1937 मध्येच 'कॉर्नेल व्हेटेरिनेरियन'मध्ये ह्यावर लिहून ठेवलंय: निरणाची ठेवण बिघडली, ओठ नीट मिटत नसले की हवा आत ओढली जाते, तिच्याबरोबर घाण जाते. त्यासाठी निरणाचा वरचा भाग शिवतात, त्या टाक्यांना आजही कॅसलिकच म्हणतात. ते न बघता नुसती पिशवी धूत बसलात तर पुढच्या माजाला स्वॅबमध्ये परत यीस्टच निघणार.