टीबीचा कोर्स पुन्हा सुरू करण्याआधी एकदा आयजीजी तपासा

सांगली-मिरजेकडं छातीच्या जुन्या दुखण्याला दोनच नावं ठरलेली: टीबी, नाहीतर दमा. पेशंट हळदीच्या गिरणीत कामाला असला तर धूळ, गुऱ्हाळावर असला तर चुलाणाचा धूर. कारण हाताशी मिळालं की शोध तिथंच थांबतो. धूळ-धूर छातीला वाईटच. पण वर्षात दोनदा न्यूमोनिया, जोडीला सायनस, कान वाहणं, मधूनच महिनाभर हटत नाही असे जुलाब, हे सगळं एकाच माणसात दिसलं की प्रश्न फुफ्फुसापुरता राहत नाही. शरीरात अँटिबॉडी, म्हणजे जंतूंशी लढणारी रक्तातली प्रोटीनं, पुरेशा तयार होतायत का, हे बघायलाच हवं. आयजीजी ही त्यातलीच मुख्य अँटिबॉडी.

त्या कमी असल्या की जंतू पूर्ण जात नाहीत. दर संसर्गाला श्वासनळीची भिंत थोडी झिजते, नळी रुंद आणि सैल होते, तिच्यात कफ साचतो आणि त्यातच पुढचा संसर्ग वाढतो. यालाच ब्रॉन्किएक्टेसिस म्हणतात. रोज सकाळी पिवळा-हिरवा बेडका पडतो. टीबीचे डाग बहुतेक फुफ्फुसाच्या वरच्या भागात असतात. इथं सीटीत मधला आणि खालचा भाग जास्त खराब दिसतो. बेडक्यात टीबीचा जंतू एकदाही सापडला नसताना नुसत्या एक्स-रेवर पुन्हा कोर्स देणं मला मान्य नाही.

घरातली जुनी फाइल काढा. लिव्हरच्या तपासणीत टोटल प्रोटीन, अल्ब्युमिन आणि त्याखाली ग्लोब्युलिन अशी ओळ असते. तिच्यावर कोणाची नजर जात नाही. तो आकडा १.८ (ग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या खाली असेल तर आयजीजी, आयजीए, आयजीएम या तिन्ही अँटिबॉडींची तपासणी लगेच करा. ग्लोब्युलिन नॉर्मल असलं तरी ब्रॉन्किएक्टेसिसच्या प्रत्येक पेशंटला या तीन तपासण्या हव्यातच. साधं रक्त लागतं. मोठ्या माणसात आयजीजी साधारण ७०० ते १६०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असतं. कमी आलं तर एचआयव्ही, मायलोमा (अस्थिमज्जेचा कॅन्सर), लघवीतून जाणारं प्रोटीन, स्टिरॉइड आणि फिटच्या काही गोळ्या ही कारणंही तपासावी लागतात. आकडा काठावर असेल तर न्यूमोनियाची लस देऊन महिन्याभरानं अँटिबॉडी वाढल्या का ते बघतात. रक्त मात्र आयव्हीआयजी, म्हणजे दात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडी शिरेतून देण्याआधीच घ्या. नंतर दात्यांच्या अँटिबॉडी मोजल्या जातात आणि रिपोर्ट फसवतो.

उपचार म्हणजे किलोमागं ४०० ते ६०० मिलिग्रॅम आयव्हीआयजी, दर तीन-चार आठवड्यांनी. ५० किलोच्या माणसाला २० ते ३० ग्रॅम. महाग आहे, आणि बहुतेकांना जन्मभर लागतं. म्हणून पैशापायी मध्येच बंद होतं आणि न्यूमोनिया परत येतो. सलाइन हळू सुरू करा, आदल्या दिवसापासून पाणी भरपूर प्या, बाटलीवरचा बॅच नंबर वहीत लिहून ठेवा. रुंदावलेली नळी यानं पूर्ववत होत नाही, कफ काढायचा व्यायाम रोज करावाच लागतो. पण उरलेलं फुफ्फुस वाचतं. मुंबईत परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, या आजारांच्या पुढच्या तपासण्या तिथं होतात. डॉक्टरांची चिठ्ठी आणि सगळे जुने रिपोर्ट घेऊन जा.