‘शुद्ध भूत जोलोकिया, गच्चीतलं’

आज सकाळी बागवाल्यांच्या बियाणे देवाणघेवाणीला गेले होते. टेबलावर घरी चिकटवलेली खाकी पाकिटं मांडलेली. एकावर निळ्या पेनाने लिहिलं होतं : ‘शुद्ध भूत जोलोकिया, गच्चीतलं’. (भूत जोलोकिया म्हणजे ती जहाल तिखट मिरची.) पाकीटवाल्या काकांना विचारलं, गच्चीवर आणखी कुठल्या मिरच्या आहेत? काका खुलले. ‘‘सगळ्या आहेत ताई! ज्वाला, लवंगी, बेडगी, ती गोव्याची खोला, सिमलासुद्धा. कठड्याला लागून ओळीने. मधमाश्या तर काय येतात म्हणून सांगू!’’ म्हटलं, फुलं झाकली होती का? ‘‘झाकायची कशाला? मग मिरची धरेल का?’’

पाकीट घेतलं, थँक्यू म्हटलं आणि रिक्षात बसल्यापासून चिडचिड होतेय. उघड्या फुलांवर मधमाश्या शेजारच्या मिरचीचा पराग आणतात, संकर होतो, मग ते बी ‘शुद्ध’ कसलं? म्हणून हे लिहितेय. लांबलं तर सहन करा.

आधी एक गैरसमज काढून टाकते, कारण तो प्रत्येक बागेच्या ग्रुपवर दर आठवड्याला उगवतो. शेजारी भूत जोलोकिया लावली म्हणून तुमची सिमला मिरची *या वर्षी* तिखट होत नाही. होऊच शकत नाही. फळाची साल, गर, आतली पांढरी शीर हे सगळं आईच्या झाडाचं अंग असतं. तिखटपणा आणणारं कॅप्सायसिन तयार होतं ते त्या पांढऱ्या शिरेत. (बियांत नाही. बियांना ते चिकटलेलं असतं, म्हणून बी तिखट लागतं.) बाहेरचा पराग आला तरी त्याचा मजकूर फक्त बीमध्ये उतरतो. म्हणजे संकर झालाय हे या हंगामात कळतच नाही. फळ हुबेहूब भूत जोलोकियाचं, तसंच सुरकुतलेलं, तसंच डोळ्यांतून पाणी काढणारं. काकांना शंका यायचं कारणच नाही. घोटाळा बीच्या पोटात असतो आणि तो बाहेर येतो पुढच्या वर्षी, दुसऱ्याच कुणाच्या तरी बाल्कनीत, पाच-सहा महिने पाणी घातल्यावर.

माझा राग त्या पाच-सहा महिन्यांसाठी आहे. ज्वाला किंवा बेडगी असेल तर बी आठ-दहा दिवसांत उगवतं, महिन्या-सव्वा महिन्यात रोप कुंडीत जातं, अडीच-तीन महिन्यांत हिरवी मिरची हातात. चुकली तर चुकली, ठेच्यात जाईल. भूत जोलोकिया, हबानेरो, कॅरोलिना रीपर ही जहाल मंडळी कॅप्सिकम चायनेन्स या प्रजातीतली. यांचं बी उगवायलाच दोन ते चार आठवडे घेतं, तेही माती 25 ते 30 अंशांवर असेल तर. (दहाव्या दिवशी ‘बी खराब होतं’ म्हणून ट्रे उलटा करणाऱ्यांनो, थांबा जरा.) रोप दीड-दोन महिने लहानच राहतं. मोठ्या कुंडीत गेल्यावर पहिलं लाल फळ यायला आणखी तीन-चार महिने. एवढं करून फांदीला काय लोंबतंय? बोटभर लांब, हिरवं, ज्वालासारखं काहीतरी. पाकिटावर मात्र ‘शुद्ध’.

मान्य, मिरचीचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं, त्यामुळे काकांच्या पाकिटातलं बरंच बी सरळही असेल. पण ‘बरंच’ म्हणजे किती ते कुणीच सांगू शकत नाही. फुलातली कुक्षी (पराग जिथे पडावा लागतो ते टोक) कधी परागकोशांच्या पुढे डोकावते, कधी आत राहते. जितकी बाहेर, तितकी मधमाशीच्या पायांना सोपी. फुलकिडे, मुंग्या याही पराग इकडचा तिकडे करतात. प्रमाणित बियाण्यासाठी मिरचीचं शेत दुसऱ्या वाणापासून 200 मीटर लांब लागतं, पायाभूत बियाण्यासाठी 400. काकांच्या कठड्यावर कुंड्यांमध्ये वीतभर अंतर असेल. आणि वर मधमाश्यांचं कौतुक!

त्यात आणखी एक गोम आहे. तिखटपणा हा वरचढ गुण. गोड्या सिमलाच्या फुलावर ज्वालाचा पराग पडला तर त्या बीपासून येणारं झाड तिखटच निघतं. बाजारातल्या सिमला तर बहुतेक हायब्रीड, त्यांचं बी धरणं तसंही फुकट. तरी काकांच्या टेबलावर सिमलाचंही पाकीट होतं. लहान मुलं असलेल्या एका ताईंनी ते उचलताना मी पाहिलं. बोलले नाही, बोलायला हवं होतं.

‘अहो पण संकरातूनच नवीन मिरच्या येतात ना?’ कमेंटमध्ये कुणीतरी हे लिहिणारच, म्हणून आधीच सांगते : हो. कॅरोलिना रीपर संकरातूनच आली. खुद्द भूत जोलोकियात चायनेन्सबरोबर फ्रुटेसेन्स या दुसऱ्या प्रजातीचेही अंश सापडलेत. पण रीपरवाल्याने पिढ्यान् पिढ्या रोपं लावून, निवडून, बाकीची उपटून टाकून ती स्थिर केली, मग नाव दिलं. तुम्हाला संकर करायचाय तर जरूर करा, फक्त पाकिटावर ‘संकर, आई भूत, बाप अज्ञात’ असं लिहा. मी आनंदाने घेईन, खरंच.

आता फुलं झाकायची कशी ते सांगते, कारण ते इतकं सोपं आहे की राग त्याचाच जास्त येतो.

संक्रांतीच्या वाणात, लग्नाच्या रुखवतात ऑर्गंझाच्या जाळीदार पोटल्या येतात ना, ओढायच्या दोरीच्या? त्याच. 4 बाय 6 इंचाची छोट्या मिरचीला, 6 बाय 8 ची भूत-हबानेरोला. निरोगी झाडाची एक फांदी निवडायची, जिच्यावर उद्या-परवा उमलतील अशा बंद पांढऱ्या कळ्या आहेत. त्या फांदीवरची *उमललेली सगळी फुलं आणि धरलेली सगळी फळं आधी खुडून टाकायची.* लोक हीच पायरी वगळतात आणि पोटलीच्या आत आधीच संकर झालेलं फळ जपून वाढवतात. मग फांदीला कापसाचा पातळ पट्टा गुंडाळायचा आणि त्यावर पोटलीची दोरी आवळायची. कापसामुळे साल कापत नाही, मुंग्या-फुलकिडेही आत शिरत नाहीत. रोज सकाळी नऊ-दहाच्या सुमारास फांदीला दोन टिचक्या मारायच्या. तेव्हा परागकोश फुटलेले असतात, पराग आपोआप पडतो. (काका, अशी धरते मिरची. ऊन जाळीतून येतं.)

आठवड्या-दीड आठवड्यात वाटाण्याएवढी फळं दिसली की पोटली काढायची आणि त्या प्रत्येक देठाला लाल लोकरीचा धागा सैल बांधायचा. धागा विसरलात तर सगळं मुसळ केरात, कारण महिन्याभराने झाकलेलं फळ कुठलं आणि उघडं कुठलं ते देवालाही सांगता येणार नाही. फांदी मोठी झालेली असते, शेजारी नवीन फळं धरलेली असतात, घरातलं कुणीतरी आमटीसाठी हात घालतं. धागा दिसला की हात मागे जातो.

फुलं गळतायत, पोटलीत काहीच धरत नाही, अशी तक्रार येते. तारीख बघा. दिवसा 35 च्या वर आणि रात्रीही 24-25 च्या खाली पारा उतरत नसेल तर मिरची फुलं टाकते, झाका की उघडी ठेवा. पुण्यात एप्रिल-मेमध्ये भूत जोलोकियाच्या फुलांवर जीव लावू नका. 50 टक्क्यांची शेडनेट टाकून झाड जगवा, जूनमध्ये एक तृतीयांश छाटा. दुसऱ्या वर्षी ते पहिल्यापेक्षा जास्त फळतं. नवीन बी टाकायचं असेल तर जूनची हीच वेळ. ट्रे पावसाच्या माऱ्यातून आत घ्या, बी अर्धा सेंटिमीटर खोल, माती ओलसर पण चिखल नाही. रोपं बुंध्याशी बारीक होऊन आडवी पडायला लागली म्हणजे पाणी जास्त झालंय. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये 15 ते 20 लिटरच्या कुंडीत हलवा. लवंगीला 8-10 लिटर पुरते. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या थंडाव्यात फुलं, जानेवारीत लाल फळं. शेणखत, गांडूळखत चांगलंच, पण दर आठवड्याला युरिया टाकाल तर हिरवंगार झुडूप मिळेल, फूल शोधत बसावं लागेल.

आणि ‘पानं आकसली, ताक मारा’ वाल्या रील्स बंद करा आता! ताकाने कुणाचं वाईट होत नाही, पण आधी पान उलटून बघा तरी. पानाच्या कडा *वर* वळल्या असतील तर बहुधा फुलकिडे : फुलं पांढऱ्या कागदावर झटका, बारीक पिवळसर-काळे लांबट किडे पळताना दिसतील, तिथे निळे चिकट सापळे. कडा *खाली* वळल्या, पान अरुंद झालं, देठ लांबला, तर कोळी (जाळं विणणारा नव्हे, माइट ही कीड). तो नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. त्यावर पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला 2 ग्रॅम, संध्याकाळी, आणि निंबोळी तेल मारल्यावर दोन आठवडे गंधकाला हात लावायचा नाही, पानं भाजतात. शेंडाच गोळा झाला, पानं बारीक, झाड खुरटलं, पांढऱ्या माश्या उडतायत, तर तो विषाणू, आपला बोकड्या. त्याला औषध नाही. झाड उपटा, पिशवीत बांधा, बाहेर टाका. अशा झाडाचं बी धरू नका, कितीही दुर्मीळ असलं तरी.

बरं, थोडं शांत झाले. चहा झाला.

काकांचं मला कळतं. ते 70 च्या पुढचे असतील. एवढ्या जातींची झाडं गच्चीवर जगवणं सोपं नाही, रोज दोन जिने बादल्या नेत असणार. वर बी फुकट वाटतायत. विकणारे तर पन्नास-पन्नास रुपयांना दहा दाणे देतात आणि त्यातही काय निघेल याची खात्री नसते. मघाशी चिडून बोलले त्यातलं अर्धं त्या विकणाऱ्यांना लागू आहे, काकांना नाही. आणि नुसतं खायला लावत असाल तर दहा जाती एका कठड्यावर बिनधास्त लावा, काही बिघडत नाही. हे सगळं रामायण फक्त बी *दुसऱ्याला* देणाऱ्यांसाठी.

पण त्या टेबलावर खोलाचंही पाकीट होतं आणि तिथे माझा आवाज परत चढतो. भूत जोलोकिया बिघडली तर जगाचं फार नुकसान नाही. 2007 साली तिने 10 लाख स्कोव्हिलच्या (तिखटपणा मोजायचं एकक) वर जाऊन विक्रम केल्यापासून तिचं बी जगभर झालंय. खोला मात्र काणकोण तालुक्यातल्या डोंगरउतारांवर पावसाच्या पाण्यावर घेतात. 2019 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. एवढ्याशा टापूतली मिरची. ती बेडगी आणि ज्वालाच्या मध्ये लावली तर तिघी एकाच प्रजातीतल्या, संकर सगळ्यात सोपा. चार घरी ते बी गेलं, तिथून आणखी दहा घरी, की दोन-तीन वर्षांत ‘खोला’ नावाखाली काय फिरत असेल? आपली भिवापुरी, आपली लवंगी, त्यांचंही हेच. मानांकन मिळालं म्हणून गच्चीतलं बी आपोआप सरळ राहत नाही.

तेव्हा बी देणार असाल तर एवढं करा. फळ झाडावरच पूर्ण लाल होऊन सुरकुतायला लागेपर्यंत ठेवा. हातमोजे घालून चिरा (भूत असेल तर खिडकी उघडी, पंखा बंद). बी सावलीत कागदावर वाळवा, उन्हात नाही. वाळलं की दाणा वाकत नाही, कटकन मोडतो. मग कागदी पाकिटात, सिलिका जेलची पुडी टाकलेल्या घट्ट बरणीत. दोन-तीन वर्षं चांगलं उगवतं. हात चुरचुरले तर नुसतं पाणी ओतून उपयोग नाही, आधी खोबरेल चोळा, मग साबण. पाकिटावर जात, कुठून आणली, वर्ष, आणि ‘झाकलेलं’ की ‘उघडं’. उघडं असेल तर उघडं लिहा, त्यात कमीपणा नाही.

काकांचं बी मी टाकणार आहे, ट्रेमध्ये वेगळ्या ओळीत. पानं रुंद, सुरकुतलेली, एका पेरात दोन-तीन लोंबती फुलं, फळाच्या टोपीखाली आवळल्यासारखी कडी, असं सगळं दिसलं तर घरात घेईन. एका पेरात एकच पांढरं फूल आणि सरळसोट पान निघालं तर फोटो इथे टाकेन.

पोटल्यांचा डझन घेऊन ठेवलाय, पुढच्या रविवारी काकांकडे जाणार आहे. त्यांनी नंबर दिलाय. झाकून धरलेलं खोलाचं बी कुणाला हवं असेल तर जानेवारीनंतर मेसेज करा, प्रत्येकी वीस दाणे. सिमलाचं मागू नका.