सिमसिटीतला एक डॉलरचा बुलडोझर

‘नागरिकशास्त्राचं पुस्तक फेका, मुलांना सिमसिटी खेळू द्या. शहर भावनांवर नाही, गणितावर चालतं हे त्यांना कळेल. कर कमी केले की भरभराट, झोपड्या पाडल्या की सुधारणा. अमेरिकेत तर या गेमवरून महापौर निवडला!’ सिमसिटी या शहर वसवण्याच्या संगणकी खेळावरचा हा फॉरवर्ड माझ्या मावशीने ‘अगदी पटलं’ असं लिहून पाठवला. दुसऱ्या कुणी पाठवला असता तर न वाचताच उडवला असता.

आधी झोपड्या, कारण खरं विष तिथे आहे. १९८९च्या मूळ सिमसिटीत बुलडोझर चालवायला चौकोनामागे एक डॉलर लागतो. घर गेलं की माणसं आकड्यातून वजा. ती पुढच्या नाल्याकाठी पुन्हा पत्रे ठोकत नाहीत, कोर्टात जात नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी धुणीभांडी करायला आली नाहीत म्हणून कुणाच्या घरी बोंबही होत नाही. मुंबईत झोपडी हलवायची तर फुकट पर्यायी घरासाठी ती १ जानेवारी २०००च्या आधीची आहे का, या कागदापासून भांडण सुरू होतं.

आणि हे ‘गणित’ आलं कुठून? गेमचा कर्ता विल राइट याने अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठातले अभियंते जे फॉरेस्टर यांचं काम वाचलं होतं. फॉरेस्टर यांनी १९६९ साली ‘अर्बन डायनॅमिक्स’मध्ये शहराचं संगणकी प्रारूप मांडलं, मदतीला बॉस्टनचे माजी महापौर जॉन कॉलिन्स होते. निष्कर्ष काय, तर गरिबांसाठी स्वस्त घरं बांधली की शहर आणखी खालावतं, त्यापेक्षा पडक्या वस्त्या पाडून उद्योगांना जागा द्या. गंमत म्हणजे त्या प्रारूपात उपनगरंच नव्हती! शहर सोडणारा माणूस कुठल्याशा अमर्याद ‘बाहेर’मध्ये जाई आणि हिशेबातून सुटे. सिमसिटीने ती सूत्रं जशीच्या तशी उचलली असं मी म्हणत नाही. पण काय मोजायचं आणि कुणाला वगळायचं हे दोन्हीकडे माणसानेच ठरवलंय, आणि तेच तर राजकारण.

करांचं म्हणाल तर गेमसुद्धा फॉरवर्डच्या बाजूने नाही. कर घटवून पैसे कमी पडले की त्यातले रस्ते उखडतात.

बरं, पाणी, वीज, पोलीस एकाच तिजोरीतून भागवायचे असतात एवढं पोरांना या खेळांतून कळतं, हे मान्य. आमच्या पुस्तकातून तेवढंही कळत नव्हतं.

महापौराचं अर्धंच खरं. १९९०मध्ये प्रॉव्हिडन्स शहरात तिथल्या वर्तमानपत्राने उमेदवारांना सिमसिटी खेळायला बसवलं होतं. महापौर मात्र मतपेटीतूनच निघाला. तो बडी सियान्सी, २००२मध्ये भ्रष्टाचाराच्या खटल्यात दोषी ठरला आणि तुरुंगात गेला.