तुमची सभा झाली, आमच्या शाळेचं काय?

14 महिने आमच्या शाळेच्या मोडक्या खोलीच्या निर्लेखनाचा कागद जिल्हा परिषदेच्या कपाटात पडून होता. 14 महिने! त्यावर सही होती, शिक्का होता, ठराव क्रमांक होता. फक्त पाकिटात घालून तालुक्याला पाठवायचं राहिलं होतं. आणि तेवढे दिवस आमच्या शाळेची पहिली ते चौथीची 31 पोरं एका खोलीत आणि ओसरीवर दाटीवाटीनं बसून शिकली, कारण दुसऱ्या खोलीचं आढं कुजलंय आणि भिंतीला अख्खा हात आत जाईल एवढी भेग पडलीय.

मी या शाळेच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे. माझा थोरला त्या ओसरीवरूनच चौथी पास होऊन गेला. धाकटी आता दुसरीत आहे, तीही तिथंच बसते. एका घरातली दोन पोरं एका फाईलपायी ओसरीवर वाढली, आणि याचा जाब कुणाला विचारायचा तेच मला गेली तीन वर्षं कळत नाहीये.

निर्लेखन म्हणजे काय ते आधी सांगते, कारण सगळं दुखणं तिथं आहे. सरकारी इमारत पडायला आली तरी गाव ती पाडू शकत नाही. आधी ती दप्तरातून कमी करावी लागते. त्यासाठी शाळा समितीचा ठराव, ग्रामपंचायतीचा ठराव, मुख्याध्यापकांचा प्रस्ताव, केंद्रप्रमुखांची शिफारस, गटशिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र, बांधकाम उपविभागाच्या अभियंत्यानं मोजमाप घेऊन दिलेला दाखला, मग जिल्ह्याला शिक्षण विभाग, तिथून बांधकाम विभाग, आणि सगळ्यात शेवटी सभेची मंजुरी. तोवर कागदावर ती खोली धडधाकट उभी असते. नवीन खोली मागायला गेलं की उत्तर मिळतं, तुमच्या पटाला दोन खोल्या आहेत, पुरेशा आहेत. अहो, त्यातल्या एकीला आम्ही 2021 पासून कुलूप लावलंय! तुमच्याच अभियंत्यानं सांगितलं होतं, आत पोरं बसवू नका म्हणून.

पहिला ठराव आम्ही ऑगस्ट 2021 मध्ये केला. सगळे दाखले गोळा करून प्रस्ताव जिल्ह्याला पोचेपर्यंत 2021 साल सरलं. मार्च 2022 मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपायच्या आधीची शेवटची सर्वसाधारण सभा होती. आमच्या गटाच्या सदस्यांचा फोन आला, "ताई, तुमचा विषय पत्रिकेवर आलाय, या सभेला." मी गेले. पत्रकारांच्या मागच्या बाकावर सकाळी 11 ला जाऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदा ते सभागृह बघितलं.

मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणं हा पहिला विषय. त्यातच दीड तास गेला. अमुक सदस्य बोलले ते लिहिलंच नाही, तमुक बोललेच नव्हते ते लिहिलंय. मग कुठल्याशा रस्त्याच्या कामावरून दोन्ही बाजू उठून उभ्या राहिल्या. मग जेवणाची सुट्टी. मग आयत्या वेळचे विषय अध्यक्षांच्या परवानगीनं आधी घेतले, जे पत्रिकेवर नव्हतेच. धोकादायक वर्गखोल्यांचा विषय पार खाली होता. साडेचारला कुणीतरी म्हणालं, उरलेले विषय पुढच्या सभेत घेऊ. आणि बाकं वाजली.

पुढची सभा? कुठली पुढची सभा? 20 तारखेला तुमची मुदत संपत होती, हे त्या सभागृहातल्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी "पुढच्या सभेत" म्हणाले आणि उठले. त्या दिवशी मला त्या सदस्यांचा जेवढा संताप आला तेवढा कधी कुणाचा आला नसेल. गाडीत बसल्यावर रडू आलं, ते रागाचं होतं.

पण खरं सांगते, त्यानंतर जे झालं ते बघून आज मला ती भांडणारी सभासुद्धा हवी आहे.

कारण त्यानंतर सभागृहात आमचं माणूसच नव्हतं. मार्च 2022 मध्ये राज्यातल्या 25 जिल्हा परिषदांची मुदत एकदम संपली. ओबीसी आरक्षण, गटांची फेररचना, कोर्टकचेऱ्या, यात निवडणुका अडकल्या आणि मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक झाले. पंचायत समितीत गटविकास अधिकारी प्रशासक. संविधानातलं 243-ई कलम स्वच्छ सांगतं की पंचायतीची मुदत 5 वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि नवी निवडणूक ती मुदत संपायच्या आत व्हायला पाहिजे. जून 2025 मध्ये आमच्याकडे मुदत संपून सव्वातीन वर्षं झाली. माझी पोरगी अंगणवाडीतही जात नव्हती तेव्हा निवडून आलेले लोक घरी गेले, आता ती पाढे म्हणते, आणि त्या खुर्च्यांवर तोवर कुणी आलेलं नव्हतं. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की 4 आठवड्यांत अधिसूचना काढा आणि 4 महिन्यांत निवडणुका उरका. सर्वोच्च न्यायालयानं सांगेपर्यंत थांबावं लागलं, याची कुणाला लाज वाटली का?

प्रशासकांच्या काळात कामं लवकर होतात, असं मला कितीदा ऐकवलंय. भांडणं नाहीत, राजकारण नाही, एका सहीत काम. कुणाचं काम झालं एका सहीत? माझी फाईल या काळात 3 वेळा परत आली. पहिल्यांदा कारण, फोटो जुने आहेत. फोटो काढले. दुसऱ्यांदा, अभियंत्याच्या दाखल्याला वर्ष उलटून गेलंय, नवा आणा. तो दाखला तुमच्याच टेबलावर जुना झाला ना? आम्ही दिला तेव्हा ताजा होता! नवा दाखला आणायला 4 महिने गेले, कारण उपविभागाला शाखा अभियंता एकच आणि त्याच्याकडे दोन तालुके. तिसऱ्यांदा, शाळा समितीची मुदत संपलीय, नव्या समितीचा ठराव जोडा. समितीची मुदत 2 वर्षांची असते, फाईल त्याहून जास्त जगली. नव्या समितीनं मलाच परत अध्यक्ष केलं. मीच केलेला ठराव मीच पुन्हा केला, त्याच शब्दांत, फक्त तारीख बदलून.

आणि दर वेळी जिल्ह्याला जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडवायची. एसटी सकाळी साडेसहाची, परतीची संध्याकाळची. तिथं गेल्यावर टेबलावरचे भाऊ म्हणायचे, "ताई, साहेब व्हीसीत आहेत." व्हीसी म्हणजे व्हिडिओवरची बैठक. दुपारी विचारलं तरी व्हीसीत. मंत्रालयाची व्हीसी, आयुक्तांची व्हीसी, आढावा, पूर्वतयारीचा आढावा. मला त्या भाऊंवर राग नाही, त्यांच्याकडे तीन टेबलांचा कारभार होता, दोन पदं रिक्त होती. पण मी दाराबाहेरच्या बाकावर बसून काय करायचं होतं? आधी निदान आमच्या सदस्यांच्या घरी सकाळी सातला जाऊन उभं राहता येत होतं. म्हणता येत होतं, तात्या, मतं मागायला आला होतात ना, मग चला आता माझ्याबरोबर. प्रशासकांच्या घरी कोण जाणार? त्यांची तर दोनदा बदलीही झाली.

शेवटी फेब्रुवारी 2025 मध्ये माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. प्रशासकांच्या सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात निर्लेखनाचे जेवढे ठराव झाले त्यांच्या प्रती द्या, एवढंच मागितलं. 30 दिवसांत उत्तर यायला पाहिजे, आलं नाही. पहिलं अपील केलं. मग पत्र आलं, समक्ष येऊन अभिलेख पाहावेत. मे महिन्यात गेले. एक बाई होत्या तिथं, त्यांनी इतिवृत्ताची नस्ती, म्हणजे फाईल, काढून दिली, खुर्ची दिली, पाणी दिलं. एकेक पान उलटत गेले.

मार्च 2024 च्या पहिल्या आठवड्यातली सभा. सोबत शाळांची यादी. त्यात आमचं गाव, आमची शाळा, वर्गखोली 1, "निर्लेखनास मान्यता देण्यात येत आहे."

मान्यता मिळालेली होती. वर्षाहून जास्त काळ मिळालेली होती. आणि मी मधल्या काळात तिथं 5 वेळा जाऊन "आमच्या फाईलचं काय झालं" विचारून आले होते. 5 वेळा मला सांगण्यात आलं की प्रक्रियेत आहे.

पत्र का गेलं नाही म्हणून विचारलं. कुणी म्हणालं, लगेच लोकसभेची आचारसंहिता लागली. लागली, 16 मार्च 2024 ला लागली, जूनमध्ये उठली. मग? मग टेबल बदललं. मग विधानसभेची आचारसंहिता. मोडकी खोली पाडायचं साधं पत्र, त्यात कुठला मतदार फितणार होता? मंजूर यादी तालुक्यांना कळवायची एवढंच काम होतं. ते कुणाचंच नव्हतं, म्हणून झालं नाही.

आता मला जे म्हणायचंय ते नीट ऐका. सर्वसाधारण सभेच्या पत्रिकेवर एक विषय असतो, सगळ्यात कंटाळवाणा, पत्रकारही तेव्हा चहाला बाहेर जातात. अनुपालन अहवाल. मागच्या सभेत जे ठरवलं त्याचं पुढं काय केलं, ते अधिकाऱ्यानं उभं राहून सांगायचं. मी त्या मार्चच्या सभेत बघितलं होतं. एक बाई सदस्य उठल्या होत्या, डोक्यावर पदर, हातात वही. म्हणाल्या, "आमच्या उपकेंद्राच्या पाण्याच्या टाकीचा ठराव झाला, पत्र कुठंय?" अधिकारी कागद चाळायला लागले. त्या बसल्याच नाहीत. "पत्राचा जावक क्रमांक सांगा." म्हणजे पत्र बाहेर गेलं की नोंदवहीत पडतो तो नंबर. अध्यक्षांनी बसायला सांगितलं तरी बसल्या नाहीत. शेवटी उत्तर आलं की दोन दिवसांत पत्र काढतो, आणि ते इतिवृत्तात लिहून घेतलं गेलं.

तो एक प्रश्न. जावक क्रमांक सांगा. आमच्या खोलीसाठी तेवढा एक प्रश्न विचारणारं माणूस त्या सभागृहात असतं तर माझी पोरगी या वर्षी नव्या खोलीत बसली असती. प्रशासकांच्या सभेतही अनुपालन अहवाल असतो, तो मी नस्तीत वाचला. त्यात आमच्या यादीसमोर "कार्यवाही सुरू" असं लिहिलंय. लागोपाठ तीन सभांत "कार्यवाही सुरू". लिहिणारे त्यांच्याच हाताखालचे, ऐकणारे त्यांचेच साहेब, आणि कायम करणारेही तेच. त्या खोलीतल्या कुणाचं पोर आमच्या ओसरीवर बसत नाही. मग जावक क्रमांक विचारणार कोण?

1 मे 1962 ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. आमचे आजोबा सांगायचे, आधी साधी विहीर मंजूर करायची तर कलेक्टर कचेरीत जोडे झिजायचे, मग आपला माणूस तिथं बसायला लागला. कायद्यानं सर्वसाधारण सभा तीन महिन्यांच्या आत घ्यावीच लागते. ते उगाच घातलेलं नाही. तीन महिन्यांनी का होईना, साहेबाला गावाच्या माणसासमोर उभं राहून उत्तर द्यावं लागावं म्हणून घातलंय. तो समोरचा माणूस काढून घेतला आणि सभा तेवढी चालू ठेवली, तर मागं काय उरतं? आणि पैशाचंही तेच. निवडून आलेले सदस्य नाहीत म्हणून वित्त आयोगाचा जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या वाट्याचा निधी अडला. त्यातून आमच्यासारख्या किती शाळांच्या, उपकेंद्रांच्या डागडुज्या राहिल्या असतील, त्याचा हिशोब कुणी गावाला देणार आहे का?

आणि कुणी मला शहाणपणा शिकवू नका की पोरं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घाला. ज्यांना परवडलं त्यांनी घातली. पिवळ्या गाड्या रोज आमच्या दारावरून जातात. 2021 ला पट 44 होता, आता 31 आहे. एक खोली बंद राहिली की पट घसरतो, पट घसरला की शिक्षक कमी होतो, आणि मग एक दिवस तुम्हीच म्हणणार की पट कमी आहे, शाळा कशाला हवी. ही शाळा गावानं जागा देऊन उभी केलीय. माझ्या सासऱ्यांनी त्या खोलीची कौलं बैलगाडीतून आणली होती.

पत्र मी हातोहात घेऊन आले. त्या नस्तीवाल्या बाईंनी दुय्यम प्रत काढून, जावक क्रमांक टाकून माझ्या हातात दिली. गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात आवक शिक्का मारून घेतला. आता जुन्या लाकडाचा, कौलांचा लिलाव व्हायचा, मग खोली पाडायची, मग नव्या खोलीचा प्रस्ताव, मग जिल्हा नियोजनच्या यादीत नंबर. यंदा पाऊस मे महिन्यातच आला. भेगेत पाणी मुरतंय, त्या भिंतीपासून ओसरी बारा पावलांवर आहे, ती मी मोजलीत. आम्ही काट्या टाकून त्या बाजूला जाणं बंद केलंय, पण पहिलीतली पोरं आहेत ती, चेंडू तिकडं गेला की पळतात.

लिलावाची नोटीस अजून लागलेली नाही. विचारलं तर म्हणाले, पुढच्या आठवड्यात बघू. सोमवारी साडेसहाच्या गाडीनं मी परत पंचायत समितीत जातेय, बरोबर आठ आया आहेत. तारीख कागदावर लिहून, खाली सही घेतल्याशिवाय आम्ही संध्याकाळच्या एसटीत बसणार नाही.