गोफ सोडवायलाही वेळ द्या

गोव्यातल्या शिगम्याच्या, म्हणजे तिथल्या शिमग्याच्या सणाच्या, मिरवणुकीबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. पणजी, मडगाव, फोंडा, कुठेही पाहा, रोमटामेळ, म्हणजे वाजतगाजत नाचत जाणारा जथा, रस्त्यावर शोभतो. ढोल, ताशे, कांसाळी (मोठ्या झांजा), 'ओस्सय'चा घोष. तो मुळात चालण्यासाठीच आहे. घोडेमोडणीही चालते, कमरेला लाकडी घोडा बांधलेले गडी पुढे-मागे झेपावत जातात. गोफ मात्र चालत करायचा नाच नव्हे. त्याला त्याच रांगेत उभं करणं मला पटत नाही.

गोफ म्हणजे वर टांगलेल्या रंगीत दोऱ्यांची नाचत घातलेली वेणी. गडी सम संख्येत, समजा 8. निम्मे एका दिशेने, निम्मे उलट. समोरून येणाऱ्याला एकदा आतून ओलांडायचं, त्याच्या पुढच्याला बाहेरून. घुमट-शामेळ या गोव्याच्या लोकवाद्यांच्या ठेक्यावर कृष्णाची गाणी चालू असतात. वेणी पुरी झाली की उलट पावलांनी ती सोडवायची, आणि खरी परीक्षा तिथेच. विणताना एखादा सलग दोनदा आतून गेला तरी पाहणाऱ्याला वेणी छानच दिसते. सोडवताना नेमक्या त्या जागी दोऱ्या अडकून बसतात.

दोरीच्या लांबीत तर बरेच मेळ फसतात. दोऱ्या टांगायचा आकडा (हूक) 12 फुटांवर, हात 4 फुटांवर आणि गडी मध्यापासून 6 फूट दूर असला, तर दोरी बरोबर 10 फूट लागते. पण 4 फूट वेणी झाली की तिच्यात प्रत्येकाची 5 फूट तरी दोरी जाते. उरलेल्या 5 फुटांत गडी मध्यापासून जेमतेम 3 फुटांवर ओढला जातो. खांद्याला खांदा लागतो, पावलं चुकतात. म्हणून किमान 3 फूट दोरी जादा घ्यावी, हाताला गुंडाळावी आणि वेणी वाढेल तशी सोडत जावी.

आता हे सगळं चाकांच्या गाडीवर उभ्या केलेल्या खांबाखाली करायचं! गाडी जरा हलली की एका बाजूच्या दोऱ्या सैल, दुसऱ्या बाजूच्या ताठ. त्यात मागचं पथक खोळंबलेलं, म्हणून वेणी झाली रे झाली की टाळ्या आणि 'पुढे चला'. अर्धाच नाच लोकांना दिसतो, आणि नवी मुलं तेवढाच शिकतात.

गोफाला मिरवणुकीतून वेगळं काढा. एखाद्या चौकात पक्का आकडा लावून द्या, नाहीतर गावच्या मांडावरच, म्हणजे शिगमा खेळायच्या ठरलेल्या जागेवर, स्पर्धा घ्या. आणि गुण द्यायचे ते दोऱ्या पुन्हा सुट्या झाल्यावरच.